नवऱ्याचा तोटा, बायकोचा कर

ठाणाकुशनूरच्या राजशेखरला नोकरी करायची नव्हती. दुसऱ्याच्या हाताखाली राबणं आपल्या रक्तातच नाही, असं तो सांगायचा. रक्तात नेमकं काय आहे, हे त्याच्या बायकोला, नेत्रावतीला, लग्नानंतर हळूहळू कळत गेलं. ती औरादच्या सरकारी कॉलेजात शिकवायची. तिच्या पगारावर घर चालायचं आणि राजशेखरचे धंदे बुडायचे.

कोंबड्या झाल्या, झेरॉक्स झालं. मग त्यानं गावात जिम काढली.

"दिवसभर तुरीची पोती उचलणारा गडी संध्याकाळी पैसे देऊन लोखंड कामून उचलंल ओ?" नेत्रावतीनं विचारलं.

"तुला धंद्यातलं कळत न्हाई."

पहिल्या महिन्यात अख्खं गाव येऊन गेलं, ते भिंतभर आरशात स्वतःला बघायला. पळायच्या मशिनवर शेजारच्या लिंगम्मा दुपारी शेंगा फोडत बसायच्या, कारण पंखा नेमका तिथंच होता. नियमित यायचं ते फक्त वीजबिल.

वर्ष सरलं. राजशेखरनं तोट्याची बेरीज केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"नेत्रा, तुझ्या पगारातून कर कापायलेत न्हवं? माझा तोटा त्यातून वजा करू. म्हंजे मी बसून खात न्हाई, तुझा कर वाचवायलोय."

दोघं बिदरला हावगेप्पा या करसल्लागारांकडं गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अण्णा, संसार एक असला तरी कराच्या हिशेबात नवरा-बायको वेगळे. अक्कांचा पगार अक्कांचा, तुमचा तोटा तुमचा."

"पण बुडाले ते तिचेच पैसे की," राजशेखर कळवळून बोलून गेला. इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं.

"कुणाचे का बुडंनात, धंद्याचा तोटा पगारातून वजा होत न्हाई. रिटर्न मुदतीत भरलं, तर तोटा आठ वर्षं पुढं नेता येतोय. धंद्यात नफा झाला की त्यातून वजा."

परतताना बसमध्ये राजशेखर खुशीत होता. सासऱ्यानं आठ दिवस ठेवला नव्हता एवढा विश्वास सरकारनं आठ वर्षं ठेवला होता. "आता नफ्याचा धंदा काढायलाच पायजे. न्हाईतर एवढा तोटा वाया जाईल."

पंधरवड्यात नेत्रावतीनं सगळी मशिनं बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका जिमवाल्याला विकली. अट एकच, मशिनांबरोबर माणूसही घ्यायचा.

राजशेखर चार दिवस फुगून बसला, पाचव्या दिवशी कामावर गेला. जिममध्ये येणारी कारखान्यातली पोरं त्याला 'सर' म्हणायला लागली, तेव्हा रक्तानंही फार विरोध केला नाही. पहिला पगार हातात पडताच त्यानं हावगेप्पांना फोन लावला.

"आता तोटा बी माझा, पगार बी माझाच. आता तर वजा होतंय?"

"न्हाई अण्णा. पगार तो पगारच. आन् तुमच्या पगारावर कर बसतच न्हाई, वजा कशातून करायचं?"

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मालकाला गाठलं आणि पगार वाढवून मागितला, निदान कर बसेल एवढा.