गोडादऱ्याच्या मेडिकलमधला अनुभव

बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात बाबांचे एक मावसभाऊ अमेरिकेहून सुट्टीला आले आणि माझ्या उन्हाळ्याची वाट लागली. मी फार्मसीला जायचं ठरवलं होतं. म्हणजे डॉक्टरीला पुरतील एवढे मार्क पडणार नाहीत, हे घरात सगळ्यांनी न बोलता मान्य केलं होतं. पाहुण्यांनी ते ऐकलं, श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्याकडे नुसत्या मार्कांवर नाही घेत. आधी औषधाच्या दुकानात काम केलेलं दाखवावं लागतं. एक्स्पिरियन्स!"

बाबा बँकेत होते. जे अमेरिकेत लागतं ते सुरतेत आज ना उद्या लागणारच, असा त्यांचा विश्वास होता. पाहुणे परत जायच्या आत त्यांनी आपल्या शाखेतल्या एका खातेदाराला गाठलं. त्या गुजराती शेठचं गोडादऱ्यात मेडिकल होतं. बँकेच्या साहेबांना नाही म्हणणं शेठना जमलं नाही, आणि बाबांना नाही म्हणणं मला.

पहिल्याच दिवशी शेठनी मला काउंटरच्या टोकाला एक स्टूल दिलं आणि सांगितलं, कुठल्याही औषधाला हात लावायचा नाही. कायद्याने ते बरोबरच होतं. दुकानातले खरे फार्मासिस्ट भिंतीवरच्या फ्रेममध्ये होते, सर्टिफिकेटच्या रूपाने. ते स्वतः मला कधीच दिसले नाहीत. मी पंख्याखाली बसून खोक्यांवरची नावं वाचायची आणि मनातल्या मनात स्पेलिंग पाठ करायची.

दुपारी एक बाई आली. डोक्यावर पदर, बोटांना साड्यांचे धागे कापून कापून पडलेले घट्टे. त्या भागातल्या बहुतेक घरांतले पुरुष कापडाच्या लूमवर कामाला असायचे आणि बायका घरी बसून धागे कापायच्या. सगळे खानदेशातून आलेले. शेठनी माझ्याकडे हात केला. "आ बेन मराठी छे. एमने कहो."

बाई खूश होऊन माझ्याकडे वळली. "मन्ही आंडेरले रातपाईन जुलाब व्हई ऱ्हायनात."

आम्ही मूळचे साताऱ्याचे. जुलाब मला कळले. आंडेर हा पोटातला कुठलासा अवयव असावा, असं मी धरून चालले. बारावीच्या जीवशास्त्रात तो नव्हता, पण तसं बरंच काही नव्हतं. मी शेठना अधिकाराने सांगितलं, "यांना रात्रीपासून जुलाब होतायत."

शेठनी मागच्या फळीवरून लहान मुलांची बाटली आणि साखर-मिठाची पुडी काढून ठेवली. मला राहवलं नाही. "शेठकाका, हे लहान मुलांचं आहे. मोठ्या माणसाचं द्या ना."

"एक वार पूछी तो जुओ, बेन," शेठ शांतपणे म्हणाले.

मी विचारलं. बाईने आधी माझ्याकडे, मग शेठकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "माले नही वं बाई! मन्ही आंडेरले. आंडेर म्हंजे पोर. धाकली शे मन्ही."

बाटली घेऊन ती गेली. मी शेठना सांगायचा प्रयत्न केला की ही अहिराणी आहे, आमची मराठी वेगळी. "मराठी तो मराठी ज ने," म्हणत त्यांनी विषय मिटवला.

मला वाटलं, ही बाई आता माझ्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही. पण ती दोन दिवसांनी आली, तीही शेजारणीला घेऊन. पोर बरी होती. या वेळी बाईला स्वतःसाठी काहीतरी हवं होतं. शेठ पाठमोरे होईपर्यंत तिने डोकेदुखीच्या गोळ्यांची चौकशी केली. मग माझ्या कानाशी वाकून खरं काम सांगितलं. तीन मुली झाल्या होत्या. सासूला नातू हवा होता, नवऱ्याला आईचं मन मोडवत नव्हतं, आणि हिला आता काहीच नको होतं. मूल न राहण्याच्या त्या गोळ्या दुकानात मिळतात असं तिने ऐकलं होतं. कशा घ्यायच्या ते मी तिला सांगायचं होतं.

मी साडेसतरा वर्षांची होते. आमच्या घरी टीव्हीवर असली जाहिरात लागली की आई उठून दूध बघायला जायची. कानशिलं तापलेली असताना मी शेठकडून ते पाकीट मागून घेतलं, आतला बारीक अक्षरांतला कागद उलगडला आणि वाचत वाचत तिला समजावलं. तिने माझ्यापेक्षा पुष्कळ लवकर समजून घेतलं. कुठलीही गोळी घेण्याआधी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईला एकदा भेट, एवढं मी वर जोडलं, कारण कागदातही तसंच काहीसं लिहिलं होतं.

"कोनले सांगू नको," ती म्हणाली.

त्यानंतर माझ्या स्टुलापाशी बायका यायला लागल्या. कुणाच्या अंगावरून पांढरं जायचं, कुणाची पाळी महिन्यातून दोनदा यायची. कुणाला नुसते पॅड हवे असायचे, पण ते पुरुषाकडे मागायची लाज वाटायची. मी बहुतेकींना एकच उपाय सांगायची, डॉक्टरीणबाईंकडे जा. त्यासाठीसुद्धा त्यांना कुणीतरी सांगणारं हवं होतं, असं दिसलं.

घरी बाबा रोज जेवताना विचारायचे, "मग, आज काय नवीन शिकलीस?"

"अँटासिड," मी म्हणायची. आई माझ्याकडे बघायची आणि आणखी एक पोळी वाढायची. अनुभव कसा वाढतोय ते बाबा शेजाऱ्यांना सांगायचे. कसला, ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि एका सकाळी त्या बाईचा नवरा आला. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटायचं. "मन्ही बायको आठून कसान्या गोया लई जास?"

बायको इथून कसल्या गोळ्या नेते ते ऐकायला दुकानात उभी असलेली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. "अशक्तपणाच्या," मी म्हणाले. "रक्त कमी आहे त्यांच्यात."

तो विचारात पडला. ती गेल्या महिन्यापासून जरा बरी दिसते खरी, असं त्याने त्याच आवाजात सगळ्यांना सांगितलं. मग खिशात हात घालून म्हणाला, "आशक्ती तं माले बी शे. माले बी त्याच गोया द्या."

वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, यातलं काहीच मदतीला येईना. तेवढ्यात शेठ गल्ल्यावरून उठले, त्यांनी फळीवरून लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "लेडीझनी जुदी आवे, जेन्ट्सनी जुदी. आ तमारी."

त्याला ते अगदी पटलं. जेवणानंतर घ्यायच्या ना, असं विचारून तो निघून गेला.

मी शेठकडे बघत राहिले. म्हणजे त्यांना नवरा काय म्हणाला ते कळलं होतं. बायको काय न्यायची ते तर त्यांना माहीतच होतं. "शेठकाका, तुम्हाला अहिराणी समजते?"

"वीस वरसथी अहीं बेठो छुं," शेठ हिशोबाकडे परत वळत म्हणाले. "समजाय तो बधुं, बेन. पण मने कहे कोण?"

त्यांना सगळं समजायचं, फक्त बायका त्यांना सांगायच्या नाहीत; आणि मी इतके दिवस दुभाषी म्हणून बसले आहे अशी माझी समजूत होती.

रिझल्ट लागला. फार्मसीच्या प्रवेशाला बाबा माझ्याबरोबर आले. शेठनी गुजरातीत लिहून दिलेला अनुभवाचा दाखला त्यांनी सगळ्या कागदांच्या वर ठेवला होता. खिडकीतल्या क्लार्कने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला. "आ नहीं जोईए. मार्कशीट आपो." मार्क पुरेसे होते, प्रवेश मिळाला. दाखला बाबांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. स्कूटरला किक मारताना म्हणाले, "इथे अनुभवाची किंमतच नाही." मी मागे बसून हो म्हटलं.

पहिल्या वर्षात आम्हाला काचेच्या नळ्या धुवायला आणि मलम घोटायला शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गोडादऱ्याला गेले, तर शेठ दुकानासमोरच्या चहाच्या गाडीवर उभे होते.

"दुकान बंद आहे?"

"ना, ना, चालू छे. अंदर लेडीझ छे."

मी गेल्यावर बायका रोज येऊन बेन कुठे आहे विचारायच्या आणि काही न घेता जायच्या, म्हणून शेवटी त्यांनी आपल्या बायकोला आणून बसवलं होतं. शेठाणीला अहिराणीचा गंध नव्हता. बायकांनी ते मनावर घेतलं नाही, त्यांनीच तिला शिकवलं. आता घोळका जमला की शेठनी बाहेर जायचं, असा नियम झाला होता. आत पाहिलं तर तीच बाई काउंटरवर कोपर टेकून शेठाणीला काहीतरी रंगवून सांगत होती. तिची धाकटी पायाशी खेळत होती. तिच्यानंतर घरात कुणी आलं नव्हतं. नवरा अजून लाल गोळ्या नेतो आणि त्याला बरं वाटतं, असं शेठ म्हणाले.

मी आत जायला लागले तसे ते मागून म्हणाले, "जाओ, तमने चालशे. अने जरा पूछजो ने, हुं हवे आवुं?"

मी विचारलं. शेठना आता आत येऊ द्यायचं का म्हटल्यावर आतून सगळ्याजणी एकदम नाही म्हणाल्या.