टोरांटो किती भाकरी लांब?

कांदे निवडायला बसलेल्या बायांची तोंडं हातापेक्षा जास्त चालतात. आमच्या बोरी गावात कांदे साठवायच्या बराखीपुढं आम्ही पाचजणी बसतो. कांदे संपतात, गोष्टी संपत नाहीत, आणि यंदा तर सगळ्या गोष्टी एकाच बाईच्या, माझ्या जावेच्या, हौसाच्या. तिची लेक टोरांटोला, दिवस भरत आलेले, आणि पहिलं बाळंतपण आईनंच करायचं. हौसा मंचरच्या बाजारापलीकडं कधी गेली नव्हती. बाळाच्या आधी पोचायचं, एवढाच तिला घोर!

*

टोरांटो किती लांब, हा पहिला प्रश्न. तिच्या थोरल्यानं मोबाईलात बघून सांगितलं, बारा हजार किलोमीटरच्या वर. आम्हाला किलोमीटर काय कळणार? वाटेत जेवढ्या भाकरी लागतील तेवढं गाव लांब. मंचर एक भाकर, लेण्याद्री पायी दोन.

"मग किती थापू?" हौसानं विचारलं.

विमानात जेवाय देतात, असं थोरला म्हणाला.

"आपली वळख न्हाई, पाळख न्हाई. त्यांच्याकडं कसं जेवायचं?"

*

शेजारच्या गंगूला पडली वेळेची. थोरल्यानं समजावलं, पहाटं उडायचं, सोळा तास वरच राहायचं, आणि उतराल तवा तिकडं त्याच दिवसाची सकाळ.

गंगूनं बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "म्हंजी हौसाला त्या दिवशी दोनदा सैपाक."

*

मुंबईला विमानतळावर बॅग जड भरली. वजन कमी करा, असं काउंटरवरली पोरगी म्हणाली. हौसानं निवांत आपली चार लुगडी काढून थोरल्याच्या हातात दिली. डिंकाच्या लाडवांना हात लावला नाही.

आजी, तिकडं थंडी लई असते, पोरगी बोलली.

"मला असंल थंडी. बाळंतिणीला लाडू नगं का?"

*

माणूस गावाला निघालं की ते पोचल्याशिवाय मागं घर झाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मंचरला गेलेलं माणूस न्याहारी होईस्तोवर पोचतं. टोरांटोचा हिशोब कुणी केलाच नव्हता! हौसाचा नवरा, आमचे किसनभाऊजी, केरसुणी मांडीखाली घेऊन उंबऱ्यात बसले. त्यात वारं सुटलं आणि बराखीपुढली सगळी टरफलं घरात.

सून रडकुंडीला आली. "मामंजी, घोट्याला लागाय लागली टरफलं."

"इमान आजून वर हाय," भाऊजी म्हणाले.

*

त्याच दिवशी दिवेलागणीनंतर फोन आला. आम्ही बराखीवरून पळत गेलो. सुनेनं स्पीकर लावला.

"पोचले," हौसा म्हणाली. "पर बाळ माज्या आदी पोचलं." आणि फोनवरच हुंदके द्यायला लागली. एवढं करून उशीर झाला, लेक एकटी राहिली, हेच पुन्हा पुन्हा.

किसनभाऊजींनी मोबाईल मागून घेतला. फोनवर हा माणूस जन्मात 'बरं' आणि 'ठेवतो' याच्या पुढं गेलेला नाही.

"रडू नगं," ते म्हणाले. "तुज्यापरीस लांबनं आलंय ते. निजू दे त्याला."