हवी तेवढी रजा

मिरजेहून रात्रभर प्रवास करून बंगळूरला उतरलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, मुक्ताला घरी न्यायचं. आमची ही लेक ऑफिसात चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्तीची विश्रांती सांगितली आणि ही दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

महादेवपुऱ्याला पोचेपर्यंत अंग आंबून गेलं. "स्वल्प (थोडं) ट्रॅफिक, अण्णा," एवढंच रिक्षावाला दर सिग्नलला सांगायचा. ऑफिसखालीच मुक्ताने मला चौचौ भात (एकाच बशीत उपमा आणि शिरा) खाऊ घातला. स्वतः दोन घास खाऊन बशी सरकवली. मनगटं पार काडीसारखी झाली होती.

ऑफिस बघून मात्र मी चाट पडलो. झोपाळा, कॅरम, टेबल टेनिस. ज्याने त्याने आपलं टेबल मनासारखं सजवलेलं. कुणाचे मासे, कुणाची गिटार. मला बीनबॅगमध्ये बसवलं तर थेट जमिनीपर्यंत रुतलो, उठताच येईना. हाफ चड्डीतल्या एका पोराने हात धरून ओढून काढलं. तोच वरुण, मुक्ताचा साहेब.

साखर कारखान्यात मी साहेबांशी भांडभांडून रजा काढल्या आहेत. इथेही त्याच तयारीने गेलो होतो. वरुण हिंदीत म्हणाला, "काका, आमच्याकडे रजेला मर्यादाच नाही. हवी तेवढी घ्या. फक्त टीमने काम वाटून घ्यायचं."

टेबल टेनिसच्या टेबलाभोवती सगळे जमले. बोलणं हिंदी-इंग्रजीत, पण मला कळत होतं. मुक्ताने पंधरा दिवस रजेवर जातेय म्हणून सांगितलं, टाळ्या झाल्या, मैत्रिणींनी मिठ्या मारल्या. मग कामं वाटायला घेतली. सगळ्यांत मोठं काम घ्यायला कुणी पुढे येईना. शेवटी दिव्याने हात वर केला. तिला सातवा महिना होता.

"राहू दे, दिव्या," मुक्ता म्हणाली. "मीच करते. पुढच्या महिन्यात जाईन."

पुन्हा टाळ्या. दिव्याचे डोळे भरून आले. तिच्यावर तरी कसा चिडणार?

"मुक्ता, ऐक माझं. चल गं घरी."

"बाबा, मला कुणी अडवलंय का?" म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली.

परतताना धारवाड गेलं, बेळगाव गेलं, डोळ्याला डोळा लागला नाही. तिथे एखादा खडूस साहेब असता तर त्याला शिव्या घातल्या असत्या, वेळ पडली तर पायही धरले असते. पण सगळी माणसं भली होती, आणि त्या भल्या माणसांतच माझी पोर मरेल ही भीती काही केल्या जाईना.

घरी पोचलो. मी आत येऊन चपला काढल्या, तरी बायको दार लावेना.