साहेबांच्या चित्रातले हात

कॉलेजच्या सभागृहात आजवरच्या प्राचार्यांची तैलचित्रं ओळीने लावली होती. एकतीस वर्षं ती पुसणाऱ्या शिपायाला सगळे दादा म्हणत. काळा झगा, उंच पाठीची खुर्ची, मांडीवर निवांत टेकलेले हात. चित्रातला माणूस मोठा कशाने दिसतो, हे दादांना तोंडपाठ होतं.

आताच्या साहेबांना निवृत्तीआधी आपलंही चित्र हवं होतं, पण बसायला सवड कुणाला? चेहऱ्यापुरते एक सकाळ बसले आणि चित्रकार बाईंना म्हणाले, "बाकीचं दादांवरून उतरवा. अंगकाठी सारखीच आहे."

दादा साहेबांचा झगा चढवून खुर्चीच्या कडेला टेकले.

"रजा मागायला आल्यासारखे काय बसताय?" बाई म्हणाल्या. "घरी बसता तसे बसा."

दादा ऐसपैस बसले. अशा सहा दुपारी गेल्या.

अनावरणाला दादा पाण्याचा ट्रे घेऊन उभे असताना पडदा सरकला. चेहरा साहेबांचा, पण मानेखाली दादाच बसले होते. फुगलेल्या शिरा, कधीकाळी दारात चेंगरून वाकडं झालेलं बोट, सगळं जसंच्या तसं. टाळ्या अर्ध्यावर विरल्या.

"अहो, हे हात तुमचे नाहीत," साहेबांची बायको हळूच म्हणाली.

"पण खुर्ची शोभतेय," मागे एक म्हातारे प्राध्यापक पुटपुटले.

साहेब पांढरेफटक पडले. त्यांनी वळून ट्रे धरलेल्या हातांकडे पाहिलं. दादा ते लपवणार तरी कुठे?

सभागृह रिकामं झाल्यावर साहेब चित्रकार बाईंना म्हणाले, "हात बदला."

"दोन दिवस बसा, बदलते."

"वेळ नाही. झाकून टाका."

बाईंनी दादांकडे पाहिलं. दादा खुर्च्या आवरू लागले. दुसऱ्या दिवशी त्या हातांवर जाडजूड पुस्तक चढू लागलं. आधी बोटं गेली, मग मनगटं. दादा खिळल्यासारखे बघत राहिले.

"कसं झालंय चित्र?" घरी बायकोने विचारलं.

"बरं झालंय," एवढंच म्हणून ते ताटावरून उठले.

त्यानंतर ते बाकीची चित्रं पुसत. ते एक मात्र पुसायला त्यांनी झाडूवाल्या मावशींना सांगितलं.

"का हो दादा?"

"माझा हात नाही पोचत तिथवर."

मावशी त्यांच्या उंचीकडे बघत राहिल्या, पण दादांनी मान वर केली नाही.