डोक्याला खोक आणि यांचं नाव
माझं डोकं फुटलं ते यांच्या फोनमुळे, पण दवाखान्यात ठेवून घेतलं ते माझ्या लाजेमुळे.

हे गुजरातच्या बोटीवर खलाशी. समुद्रात गेले की फोन लागत नाही. बोट बंदराला लागली की हेच मला फोन करतात. त्या दिवशी घोलवडच्या बागेत मी चिकू वेचत होते आणि पिशवीतला फोन वाजला. मी पाटी टाकून धावले. फांदी खाली वाकलेली, ती कपाळावर बसली. (झाड तिथे माझ्या लग्नाआधीपासून आहे, पण मला कुठे दिसलं!) फोन बंद झाला, मीही आडवी!

नणंद सुनीताने रिक्षात घालून डहाणूला नेलं. टाके पडले. मग डॉक्टर विचारू लागले, "नाव? गाव?"

"मंजुळा. झरी."

"नवऱ्याचं नाव?"

मी पदर तोंडात धरला. कसं घेणार? आमच्यात बाया घेत नाहीत! (इथे लिहितानाही हात थांबतोय.)

"आठवत नाही का?" डॉक्टर घाबरले. सुनीताला म्हणाले, "आधी सांगायच्या?"

"छे! आधीही कधीच नाही!"

"म्हणजे जुना आजार आहे!"

सिस्टर हसून म्हणाली, "ताई, उखाण्यात घ्या." मी सुरुवात केली, "चिकूच्या बागेत पाखरांचा थवा..." सगळ्या खाटांवरची माणसं उठून बसली. माझं तोंड मिटलं ते मिटलंच. डॉक्टर म्हणाले, "बडबडतायत. ठेवून घ्या."

सुनीताने बंदरावर फोन लावला, "दादा, वहिनीला तुझं नावच आठवत नाही रे!"

दुसऱ्या दिवशी हे दारात! अंगाला मासळीचा वास, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच बघत होते मी त्यांना. किती वाळले होते!

"ओळखलंस मला?"

"हो."

"मग हे कोण, सांगा," डॉक्टर म्हणाले.

"आमचे हे."

"नाव!"

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, एकदा घे ना. नाहीतर मला कायमची विसरलीस असं वाटेल."

मग माझ्याने राहवलं नाही. घेतलं! लाजेपायी इतक्या जोरात घेतलं की बाहेरचा शिपाई 'कोणाला बोलावताय?' म्हणून आत आला. हे लाजून लाल!

डॉक्टरांनी लगेच घरी सोडलं. रात्रभर यांचं एकच, "परत म्हण ना." सकाळी बोट चालवणाऱ्या तांडेलाचा फोन, "बायको शुद्धीवर आली ना? मग ये, बोट सुटते." हे गेलेसुद्धा.

आता घरात कोणी नसलं की मी ते नाव मोठ्याने घेते. ऐकायला कोंबड्या. जन्मभर गप्प राहिलेली बाई मी. आणखी आठवडाभर गप्प बसले असते तर काय जीभ झडली असती?