एक मशीन, दोन सभा

पेणमध्ये माझा लाउडस्पीकरचा धंदा होता. एक मशीन, दोन कर्णे आणि भाड्याचा टेम्पो, एवढ्यावर मी लग्नं, पूजा आणि आमच्या आमदारांच्या सभा केल्या. ते बोलायला उभे राहिले की गणपतीच्या कारखान्यांतली माणसं शाडूचे हात न धुता येऊन बसायची. वेळेच्या नावाने मात्र बोंब. त्यांची पाचची सभा म्हणजे सात, हे तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं.

याच भरवशावर एका निवडणुकीत मी नको तो शहाणपणा केला. पेणची सभा पाचला, म्हणून दुपारी तीनला रोह्यात विरोधी पार्टीची सुपारी घेतली. तिथली भाषणं लांबली, येताना रेल्वेचं फाटक पडलं, आणि मी पेणला पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. आमदार नेमके त्याच दिवशी पाचच्या ठोक्याला आले होते. अर्धा तास माझी वाट बघून आणि तासभर माइकशिवाय बोलून ते नुकतेच खाली बसले होते. त्यात माझ्या टेम्पोवर विरोधी पार्टीचा झेंडा तसाच फडकत होता. काढायचा राहिलाच होता, काय करणार!

एका कार्यकर्त्याने माझी गचांडी धरली. "दोन्हीकडनं खातोस व्हय रं? आजपासून तुझं मशीन पेणात लागायचं नाय!"

हा माणूस बोलला की करून दाखवायचा, आणि एकदा त्याने मनाई केली की लग्नाला तरी मला कोण बोलावणार?

आमदार स्टेजवरून म्हणाले, "सोड त्याला. इतकी वर्षं मी उशिरा येतोय. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला, दगा मी दिला." लोक खो खो हसले. कार्यकर्त्याचा हात सुटला. मग ते मला म्हणाले, "कर्णे चढव. मागच्यांना काय ऐकू गेलं नाय. पुन्हा बोलतो."

मी तारा जोडल्या. घसा बसलेला असूनही त्यांनी अख्खं भाषण पहिल्यापासून केलं. मी मशीनशेजारी बसून रडलो, लाज कसली. पुढे पेणात माझं मशीन बरीच वर्षं लागलं, ते त्यांच्या उपकाराने.

कारण ज्या मागच्यांचं निमित्त करून त्यांनी माझं मशीन लावून घेतलं, ते मागे कोणी नव्हतंच. माइक नाही म्हणून त्यांनी आधीच सगळ्यांना पुढे बोलावून स्टेजला खेटून बसवलं होतं.