बातमी पुढे, सभा मागे

डिचोलीत आमच्या वेळी एक माणूस असा होता, की सभा व्हायच्या आधीच तिची बातमी त्याची लिहून व्हायची. ते एका वर्तमानपत्राचे तालुक्याचे वार्ताहर. शाळेचे स्नेहसंमेलन असो की कोणाचा सत्कार, बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले: ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.’ म्हणून सगळे त्यांना मागून संपन्नबाब म्हणत. मी मागूनही ‘सर’च म्हणायची. तेव्हा एवढीच अक्कल होती मला.

पणजीला जाणाऱ्या दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे बातमीचे पाकीट दिले तरच ती दुसऱ्या दिवशी छापून यायची. सभा मात्र संध्याकाळच्या. मग संपन्नबाब सकाळीच बातमी लिहून मोकळे. खोटे पडायची भीती नव्हती, कारण पाहुण्यांचे भाषण तेच लिहून देत, अध्यक्षांचे तेच, आणि आभारही त्यांचेच. तालुक्यात बोलणारी तोंडे पुष्कळ, पण आवाज एक, आणि तोही सर्दी झालेला.

‘वाक्याला इस्त्री हवी,’ असे ते म्हणत. इस्त्री इतकी कडक, की आतला माणूसही सपाट व्हायचा. त्यांच्या बातमीत विहिरीत म्हैस पडली तरी हळहळ व्यक्त व्हायची आणि माणूस मेला तरी तीच हळहळ. कोण हळहळले, ते कधी कळत नसे. त्यांचा दुसरा मंत्र होता: ‘लोक काय बोलले ते लिहू नये, काय शोभले असते ते लिहावे.’

आणि या थोर पुरुषाची पट्टशिष्या कोण, तर मी! नवी नवी शाळेत मास्तरीण लागलेली, केसात अबोलीचा गजरा, डोक्यात भुसा. मराठी ही सणासुदीच्या साडीसारखी मिरवायची वस्तू आहे असे मला वाटे. सकाळी पाववाला पोदेर दारात भोंगा वाजवी, तेव्हा मी आईला सांगायची, ‘पोदेराचे आगमन झाले आहे.’ आई चुलीपासून ओरडायची, ‘तो भायर उबो आसा गो! आगमन मागीर कर, पयली पाव घे.’ मी मनात म्हणे, हिला शैली कळत नाही.

मुळगावची शेवंतीमावशी आमच्याकडे तांबडी भाजी विकायला यायची. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला खाण. खाणीवरचे तांबडे पाणी अडवणारा बांध खचला होता. पावसाच्या आधी कोणी येऊन तो बघावा, दुरुस्त करावा, एवढेच तिचे मागणे. खाणमालक मुळगावात सभेला येणार कळल्यावर ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. मीही होते, संपन्नबाबांची छत्री धरून.

मालकांचे भाषण झाले. ‘विकासाची गंगा’ तेवढी वाहिली. मग शेवंतीमावशी उठली, लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि तांबडा पाय सगळ्यांना दाखवून म्हणाली, ‘शेतात पाय घालो, तो असो तांबडो भायर आयलो. तुमका चा दितना कपात माती घालून दिली जाल्यार पियतले?’

मालकांच्या हातातला कप तसाच राहिला. अख्ख्या तालुक्यात त्या वर्षी कोणी काही बोलले असेल तर ते एवढेच. संपन्नबाब पुढे झाले. वाटले, आता विचारतील, लिहून घेतील. ते तिच्या कानाशी वाकून कळवळून म्हणाले, ‘बाय, बातमी गेली. आता उलोवन कितें फायदो?’

दुसऱ्या दिवशी ती भाजीची पाटी घेऊन आमच्या सोप्यावर बसली. ‘माझें उलोवप वाच गो.’ तिला आपले कालचे बोलणे ऐकायचे होते. मी वर्तमानपत्र उघडले आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात वाचले, ‘ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.’

‘कोणें?’

‘ग्रामस्थांनी.’

‘तो खंयचो? मुळगावात तरी तसलो कोण ना.’

शब्द तिला कळत होता. ती मला जाब विचारत होती. माझ्यापाशी फक्त शैली होती.

पुढे ती मामलेदार कचेरीत गेली, तर कारकुनाने तेच कात्रण तिच्यापुढे धरले: समाधान तर व्यक्त झालेय! बांध बघायला कोणी आले नाही. पावसात तो फुटला. शेतात लाल चिखल बसला, तो बसला. मावशीने त्यानंतर भात पेरले नाही. संपन्नबाबांची छत्री मी दुसऱ्या कोणाला धरायला दिली आणि आईला ‘पोदेर आयलो’ म्हणू लागले. माणूस वाईट नव्हता म्हणतात. वाईट असता तर निदान एखाद्या वाक्याला चव तरी आली असती.

खूप वर्षांनी ते वारले. शोकसभेत एकेक जण उठून त्यांच्याच भाषेत त्यांना पुरत होता. ‘पोकळी निर्माण झाली आहे,’ असे एक जण म्हणाला. मला हसू आले. ती तर ते जन्मभर निर्माण करत आले होते.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. शेवंतीमावशी. पाठ वाकलेली, पण सरळ पुढे आली. व्यासपीठाकडे तिने पाहिलेही नाही. कडेला एक तरुण मुलगी पेन घेऊन बसली होती, नव्या काळातली वार्ताहर. तिच्यासमोर मावशी थांबली.

‘बातमी गेली गो बाये?’

‘नाही आजी. अजून लिहितेय.’

‘मग बरय. मुळगावच्या शेवंतीन समाधान व्यक्त करूंक ना. तेन्ना ना, आजूनय ना.’

अध्यक्ष खाकरले. मुलीने मान खाली घालून लिहिले. माझी जुनी खोड, मी वाकून पाहिले. एकाही शब्दाला इस्त्री नव्हती.